ताठोबांचा सरळ झोत

संशोधन संस्थेत त्यांना सगळे ताठोबा म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर ‘सर’. ताठोबांच्या मते संस्थेत विचार करणारा माणूस एकच होता, बाकीचे नुसते पगार खाणारे. शेजारच्या खोलीतला दुर्बीणवाला काही सांगायला आला, की ते खुर्ची न वळवताच म्हणत, “बोला, कान उघडे आहेत.” घरी बायकोने “मीठ बरोबर आहे ना?” विचारलं तरी “तुला काय कळणार!” हे उत्तर ठरलेलं.

आयुष्यभर त्यांनी एकच विषय उगाळला. मोठा तारा फुटला की मलब्याच्या आत एक चिमुकला गाभा गरगरत उरतो, तो पल्सार. त्याच्यातून कणांचा वारा सुटतो, तोही मुख्यतः कमरेच्या अंगाने, आडवा. मग त्याच्या वर आणि खाली झोत दिसतात ते कुठून येतात? कुणी म्हणे, टोकांतून फवारे उडत असतील.

“फवारे म्हणे! यांची अक्कल बागेतल्या नळापुढे जात नाही.”

ताठोबांचं म्हणणं असं: वारा मलब्याला अडून मंदावतो, अक्षाभोवती बांगड्यांसारख्या वेढलेल्या चुंबकीय रेषा आवळत जातात, वाऱ्याला मागे अक्षाकडे ढकलतात आणि तिथून तो वर-खाली निसटतो. ही कल्पना दुसऱ्यांची होती, एवढं सांगायला ते नेमके विसरत. त्यांचा स्वतःचा होता तो प्रोग्रॅम. त्यात ते कलिंगडाच्या फोडीएवढाच भाग मोजत आणि तीच फोड अक्षाभोवती फिरवून बाकीचा गोल भरत. झोत कसा, छडीसारखा सरळ यायचा.

निवृत्ती जवळ आली. आपल्या नावाचं काहीतरी मागे राहावं, ही एकच इच्छा उरली होती. त्यांनी हाताखाली काम करणाऱ्या भाचीला हिशोब मोठ्या संगणकावर पुन्हा करायला सांगितला. “डोकं लावू नकोस, फक्त बारीक मोज.”

भाचीने डोकं लावलं. फोड न फिरवता अख्खा गोल मोजला आणि चित्र घेऊन आली.

“मामा, बांगड्या एका बाजूला सरकतात. झोत थोडा वर जातो आणि लचकतो.”

“प्रोग्रॅम चुकलाय तुझा.”

“नीट तपासलाय. दुर्बिणीच्या फोटोतही तो वाकडाच आहे. तुम्ही पाहिला असेल ना?”

“वर्षानुवर्षं पाहतोय.”

“मग?”

“मला वाटायचं, त्या ताऱ्यातच काही बिघाड असेल.”

भाची हसली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, “फोड फिरवून भरली, की झोताला वाकायला जागाच कुठे उरते, मामा?”

ताठोबांना तत्काळ कळलं. पण दुसऱ्याला ‘बरोबर’ म्हणायची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती.

“छापायचं तिथे छाप. असल्या वाकड्या कामावर माझं नाव नको.”

“अहो, पाया सगळा तुमचाच आहे. राहू द्या ना नाव.”

“काढ म्हटलं ना!”

तिने काढलं.

भाचीचं व्याख्यान झालं तेव्हा सभागृह भरलेलं होतं. ताठोबा नाक मुरडत शेवटच्या रांगेत बसले. पडद्यावर लचकलेला झोत आला आणि टाळ्या पडल्या. शेजारचा अनोळखी तरुण त्यांच्याकडे वाकून म्हणाला, “आधी म्हणे तो सरळच दाखवायचे. कोणाचं होतं हो ते काम?”

“होता एक मूर्ख,” ताठोबा म्हणाले.

तरुण हसला आणि पुढचं ऐकू लागला.