आडनावातला ‘ळ’

कुवेतला मी एकटीच राहायचे. मी नर्स होते त्या वॉर्डात एक म्हातारे इंग्रज मास्तर होते. त्यांनाही भेटायला कुणी येत नसे. ते कागदावर इंग्लंडमधल्या गावांची नावं लिहून मला वाचायला लावत. मी स्पेलिंगप्रमाणे ‘लायसेस्टर’ वाचलं की खुशीत म्हणत, “चूक! लेस्टर!”

एकदा मी त्यांना माझं आडनाव म्हणायला सांगितलं. त्यातला ‘ळ’ इथे कुणालाच जमत नसे, म्हणून सगळे मला नुसतं सिस्टर म्हणत. त्यांनी बरेच दिवस सराव केला आणि एका सकाळी मला स्वच्छ आडनावानं हाक मारली. मला रडूच आलं.

“चुकलं का?” त्यांनी घाबरून विचारलं.

“नाही. पुन्हा म्हणा ना.”

पुढच्याच आठवड्यात ते मायदेशी गेले. महबूला भागातल्या माझ्या खोलीत मग मीच कधीतरी ते आडनाव मोठ्यानं म्हणून बघायचे.