बिवाच्या काठावर सोडायला मनाई असलेला मासा

ओसाकातल्या त्या दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर फक्त काठ्या होत्या. जमिनीपासून छतापर्यंत, एकीला खेटून एक, बांबूच्या बनासारख्या. मी त्या मोजायला लागलो आणि दोनशेच्या पुढे सोडून दिले. अलिबागच्या खाडीवर आम्ही एका वेताला तंगूस बांधून मासे धरत असू. इथे एका जातीच्या माशासाठी इतक्या काठ्या होत्या, आणि तो मासा इथला नव्हता, अमेरिकेतून आणलेला होता. त्याचे नाव ब्लॅक बास.

मी ओसाकात आलो होतो मंदारकडे. ठाण्याच्या इमारतीत तो आमच्या समोरच्या दारात वाढला. आता एका जपानी कंपनीसाठी करारावर संगणकाचे काम करतो. लग्न होऊन दोन वर्षे झाली. बायको मुग्धा नाशिकची. तिच्या माहेरी अंडेसुद्धा आणत नाहीत आणि सासरीही तोच रिवाज. वृत्तपत्रातून निवृत्त झाल्यावर मी पहिल्यांदाच देशाबाहेर पडलो होतो, तेही तीन आठवड्यांसाठी.

मंदारच्या कार्यालयातल्या मोरिता-सान ('सान' म्हणजे आपले 'जी') या वरिष्ठांनी त्याला रविवारी मासे धरायला बोलावले होते. दीड वर्षात आलेले हे पहिले घरगुती आमंत्रण. नाही म्हणणे शक्य नव्हते. मुग्धाने एवढेच विचारले, की धरलेल्या माशांचे पुढे काय करतात. मंदारने दुसऱ्या दिवशी मोरिता-सानना विचारले आणि उत्तर घेऊन आला. ते म्हणाले होते, "आम्ही तो खात नाही."

घरात सगळ्यांना हायसे वाटले. खात नाहीत म्हणजे सोडून देतात, असा अर्थ आम्ही तिघांनीही लावला. त्याचा दुसरा काही अर्थ असू शकतो हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही. "मग मीही येते," मुग्धा म्हणाली. "पण एकही मासा मरता कामा नये. खेळ म्हणून जीव घ्यायचा नाही." मंदारने शब्द दिला.

दुकानात एप्रन घातलेले एक वयस्कर विक्रेते आमच्याबरोबर दोन तास फिरले. त्यांनी साओ (गळाची काठी) मुठीत कशी धरायची ते दाखवले आणि टोक छताला टेकवून ती किती वाकते ते पाहायला लावले. ताठ काठी दाट पाणवनस्पतींसाठी, लवचीक काठी मोकळ्या पाण्यासाठी. नवशिक्याने मधली घ्यावी, साडेसहा फुटांची. रिळे दोन प्रकारची होती. काठीच्या खाली लटकणारे साधे, आणि काठीच्या वर बसणारे, ज्यावर अंगठ्याने ताबा ठेवावा लागतो. अंगठा चुकला की दोऱ्याचा पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता होतो, असे त्यांनी हातवारे करून बजावले. मोरिता-सानकडे वरचे होते, म्हणून मंदारलाही वरचेच हवे होते. त्याने प्रत्येक रिळाचे माहितीपत्रक वाचून तुलना सुरू केली.

मुग्धा स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "मला बघायला आला होतास तेव्हा पोहे संपवून वीस मिनिटांत उठलास. काठीला दोन तास?"

"तेव्हा एवढे पर्याय नव्हते," मंदार म्हणाला.

"होते. माझ्याकडे."

खालच्या मजल्यावर रुआ (खोटी आमिषे) होती. डोळे असलेल्या लाकडी मासळ्या, रबरी बेडूक, कोळंबीच्या वासाचे मऊ किडे. सगळे भरपूर रंगांत. पाणी गढूळ असेल तर भडक, नितळ असेल तर माशाच्या रंगाचे, असा साधा नियम विक्रेत्यांनी सांगितला. मुग्धाने एकच गोष्ट मागितली. गळाच्या टोकाजवळ एक उलटा काटा असतो, त्याला जपानीत काएशी म्हणतात. तो नसलेला गळ तिला हवा होता, म्हणजे माशाच्या तोंडातून चटकन निघेल. विक्रेत्यांनी विचारले, कुठे जाणार? मंदार म्हणाला, बिवा तलाव. त्यावर ते म्हणाले, मग काटा असला तरी काय फरक पडतो. वॉर्ड ऑफिसच्या मोफत वर्गात शिकलेली मुग्धा मंदारपेक्षा चांगले जपानी बोलते. तिला शब्द कळले, कारण कळले नाही. तिने बिनकाट्याचेच गळ घेतले.

रविवारी सकाळी मोरिता-सान गाडी घेऊन आले. पंचेचाळिशीचे, कमी बोलणारे, टोपीपासून बुटापर्यंत नीटनेटके. ते मूळचे याच तलावाच्या काठचे. तासाभरात डोंगरांच्या मधून पाणी दिसले. पलीकडचा काठ धुरकट होता. हा तलाव आहे असे सांगितले नसते तर मी समुद्र लिहून ठेवला असता.

गाडी लावली तिथे एक पाटी होती. मंदारला जपानी लिपीतली परकीय शब्दांची अक्षरे वाचता येतात. त्याने एकेक अक्षर लावून वाचले, "रि-रि-सु." रिलीज. पुढची दोन चित्राक्षरे त्याला कार्यालयातल्या यंत्रांच्या खोलीच्या दारामुळे ओळखीची होती : किन्शी (मनाई). तो मोठ्याने हसला. त्यांच्या कामात रिलीज म्हणजे तयार प्रणाली ग्राहकाच्या हवाली करणे. वर्षअखेरीला काही दिवस त्यालाच मनाई असते आणि नेमके हेच शब्द फळ्यावर लिहितात. "काका, रविवारीसुद्धा ऑफिस पाठ सोडत नाही," तो म्हणाला आणि पाटीचा फोटो काढला. मोरिता-सानही हसले. पाटीचा अर्थ याला कळला, असे त्यांना वाटले असावे.

काठावर ऑक्टोबरचे ऊन होते. मंदारने पहिलीच फेक केली आणि रिळावर घरटे तयार झाले. तो गवतात बसून गुंता सोडवायला लागला. मुग्धाने साधे रीळ घेतले होते. मोरिता-सानांनी तिला मनगटातून कसे फेकायचे ते एकदाच दाखवले. मग आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. मोरिता-सानांनी चटणी तीनदा घेतली आणि प्रत्येक वेळी पाणी प्यायले.

अकराच्या सुमारास मुग्धाची काठी वाकली. ती ओरडली नाही. काठी उंच धरून मागे मागे सरकत राहिली. मोरिता-सान शेजारी उभे राहून हळू, हळू म्हणत होते. पाण्यातून हिरवट काळ्या पाठीचा, हातभर नाही पण वीतभराहून बराच मोठा मासा वर आला. मोरिता-सानांनी सांगितल्याप्रमाणे तिने त्याचा खालचा ओठ अंगठा आणि बोटात पकडला. गळ चटकन निघाला. मंदारने गुंता खाली टाकून फोटो काढला. मग ती पाण्याकडे वळली.

"मुग्धा-सान," मोरिता-सान म्हणाले. "तिकडे नाही. इकडे."

त्यांनी मागे बोट दाखवले. रस्त्याकडेला कमरेएवढी झाकणाची एक पेटी होती, बाटल्या आणि डबे वेगळे टाकायला असते तशी. वर माशाचे चित्र. मुग्धाने मान डोलावली आणि मासा घेऊन झपाझप पेटीपाशी गेली. आत पाणी असेल असे तिला वाटले होते. तिने झाकण उचलले.

आत पाणी नव्हते. दहा-बारा मासे एकावर एक पडले होते. सर्वांत वरच्याचे कल्ले अजून हलत होते.

तिने झाकण सोडले नाही आणि आत काही टाकलेही नाही. मी तिच्यापासून तीन पावलांवर होतो. चाळीस वर्षे बातम्या लिहिल्या, पण एखाद्याचा चेहरा पांढरा पडला हे वाक्य मी नेहमी कापत असे, कारण तसे होत नाही असे माझे मत होते. ते मत मी त्या दिवशी बदलले.

मोरिता-सानांनी शांतपणे सांगितले आणि मुग्धाने ते तुकड्यातुकड्यांनी आम्हाला सांगितले. हा गाइराइग्यो (बाहेरून आलेला मासा). तलावातले लहान मासे आणि अंडी खातो. म्हणून धरलेला मासा पाण्यात परत सोडायला या प्रांतात मनाई आहे. पाटीवर तेच लिहिले होते. पेटी भरली की गाडी येते आणि त्यांचे खत किंवा खाद्य करते. मोरिता-सानांचे वडील याच काठावर जाळी लावत. तांदळात मुरवून वर्षभर ठेवायचा फुना नावाचा मासा त्यांच्या जाळ्यात यायचा. मग जाळ्यात हाच यायला लागला. वडिलांनी होडी विकली. मोरिता-सान महिन्यातून दोन रविवार इथे येतात ते खेळायला नाही, शेतातले तण काढतात तसे.

"पण तुम्ही तर म्हणाला होतात, खात नाही," मंदार म्हणाला.

"खात नाहीच," मोरिता-सान म्हणाले. त्यांना त्यात विसंगती दिसत नव्हती.

मंदारने वातावरण सैल करायचा प्रयत्न केला. आम्हीही बाहेरूनच आलेले आहोत, असे तो म्हणाला. मोरिता-सानांनी क्षणभर विचार केला. "मंदार-सानकडे व्हिसा आहे," ते म्हणाले. "याला कोणी दिला नव्हता."

मासा मुग्धाच्या हातात होता आणि तोंड उघडमीट करत होता. मंदार मला मराठीत म्हणाला, की मुग्धाला पाण्यात टाकून दे म्हणा, मोरिता-सान काही पोलीस नाहीत. ते खरे होते. मोरिता-सानांनी स्वतःच सांगितले, की नियम मोडला तर शिक्षा नाही, अनेक जण सोडून देतात. एवढे सांगून ते दुसरीकडे पाहू लागले. दिलेला शब्द पाळायचा असता तर ती वेळ होती. पाणी पाच पावलांवर होते.

मुग्धा पाण्याकडे गेली आणि गुडघ्यावर बसली. तिने मासा पाण्यात बुडवून धरला, पण ओठ सोडला नाही. मग मागे न पाहता मोरिता-सानना विचारले, की हा घरी नेता येईल का. जिवंत नेता येत नाही, ते म्हणाले, त्यालाही मनाई आहे. मेलेला चालतो.

"काका, तुम्ही मासे खाता," ती मला म्हणाली. तो प्रश्न नव्हता. "हा खाल का?"

मी हो म्हणालो.

"सोडला तर यांच्या वडिलांचं तोंड आठवेल, आणि ते मी पाहिलेलंही नाही. त्या पेटीत मी टाकणार नाही. जीव जायचाच असेल तर कुणाच्या तरी पोटात जाऊ दे. कचऱ्यात नको." मग मंदारकडे वळून, "शब्द तू मोडला नाहीस. अट माझी होती, मीच मोडली."

मोरिता-सानांनी गळ-आमिषांच्या पेटाऱ्यातून एक टोकदार दाभण काढले. डोळ्याच्या मागे एक जागा असते, तिथे टोचले की मासा लगेच मरतो. कोणी टोचायचे, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण दाभण हातात धरून थांबले. मुग्धा म्हणाली, तुम्ही टोचा, मी धरते. मंदार गाडीकडे निघून गेला. दाभण आत गेले तेव्हा माशाचे सगळे पर एकदम ताठ उभे राहिले. मग हळूहळू मिटले. ती दोन्ही हातांनी धरून बसली होती. सगळे स्थिर झाल्यावरही थोडा वेळ तशीच बसली.

मोरिता-सानांनी आम्हाला ओसाकाला घरी आणून सोडले. त्यांना दारातूनच निरोप घ्यायचा होता, पण मुग्धाने त्यांना जेवायला थांबवले. तिच्या स्वयंपाकघरात मासा आला नाही. गॅलरीत सुटी शेगडी मांडली. जुना तवा, एक सुरी, एक पाट तिने बाहेर आणून ठेवला आणि हे आता तुमचेच, असे मला सांगितले. हळद, तिखट, आमसूल आणि तांदळाचे पीठ मात्र तिने स्वतः काढून दिले. कातडीला वास असतो म्हणून ती काढा, एवढी सूचना मोरिता-सानांनी केली.

पोट फाडले तेव्हा आत दोन मासळ्या निघाल्या. करंगळीएवढ्या, चंदेरी, अखंड. मोरिता-सानांनी त्या तळहातावर घेतल्या. एकीचे नाव त्यांनी सांगितले, दुसरीचे सांगता आले नाही. मुग्धाने दारातून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग आत जाऊन भाताकडे बघू लागली.

मांस पांढरे होते, घट्ट, काटे थोडे. तो मोरिता-सानांनी आणि मी खाल्ला. आपल्या तलावाचा हा मासा मोरिता-सान आयुष्यात पहिल्यांदा खात होते. मंदारने वरणभात घेतला. मुग्धा आमच्या समोर जमिनीवर बसून राहिली. मोरिता-सानांनी एक लहान तुकडा कडेला ठेवला होता.

"तोही," ती म्हणाली.

त्यांनी तो खाल्ला. चव कशी आहे, तिने मला विचारले. मी चांगली आहे म्हणालो. ते खरे होते आणि सांगायला अवघड होते.

आठवड्याने मी परत निघालो. विमानतळावर मंदार सामानाच्या रांगेत असताना मुग्धाने सांगितले, की तिने आईला फोनवर सगळे सांगून टाकले. आईने आधी विचारले, मासा सोडलास ना? ही नाही म्हणाली.

"मग?" मी विचारले.

"मग म्हणाली, 'वाया तर नाही ना गेला?'"

मुंबईत उतरल्याला आता दोन महिने झाले. टिपणवहीतल्या गोष्टी उतरवताना एक हिशेब जमत नाही. त्या पेटीत मासे टाकणारी माणसे क्रूर नव्हती. ती तलाव वाचवत होती, आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी त्या दोन चंदेरी मासळ्या पाहिल्या आहेत. तरी झाकण उघडे असतानाचे ते दृश्य जात नाही. मी लहानपणापासून मासे खातो. बाजारातून सुरमई आणतो, तुकडे करून घेतो, पैसे देतो. त्यांतला एकही मी मरेपर्यंत धरून बसलेलो नाही. ते काम ज्या बाईने केले, तिने आजवर एकही मासा खाल्लेला नाही.