साठ स्वेटशर्ट आणि हळदीचं बोट

भिकीमावशीला हळदीची डबी घेऊन शिवणकामाला कुणी येऊ दिलं, हे पुतळीने त्या सकाळी स्वतःलाच चार वेळा विचारलं. उत्तर एकच होतं. तिनेच. शेजारच्या या म्हातारीला शेडमध्ये कामाला तिनेच आणलं होतं.

डहाणूकडच्या सरावलीजवळच्या त्या शेडमध्ये पुतळी तीन वर्षं शिवत होती. त्याआधी दर दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जायची, आणि लेक प्रगतीची शाळा मध्येच सुटायची. मशीन हाताशी आलं तशी पोरगी सातवीपर्यंत सलग पोचली. आता शेडचे मालक नविनभाई यांना परदेशी पाठवायच्या ऑरगॅनिक कापसाच्या स्वेटशर्टांचं काम मिळालं होतं. अटी अशा: शेतात फवारणी नाही, कापडाला रंग नाही, शिवणाऱ्या बायकांना जाच नाही. हे सगळं खरं आहे का ते बघायला दुसऱ्या दिवशी मुंबईहून मॅडम येणार होत्या. त्यांनी माल नाकारला तर शेडला कुलूप. म्हणजे पुन्हा भट्टी.

आणि साठच्या साठ स्वेटशर्टांना, खालच्या पट्टीच्या आतून, हळदीचं एकेक पिवळं बोट!

“नवं कापड कोरं घालत नाय, एवढं तुला ठावं नाय?” मावशी म्हणाली. “कुणाची तरी पोरं घालणार. तिकडं त्यांना कोण हळद लावील?”

“तिकडे हळद लागत नाही मावशे, थंडी लागते!”

“मग तर लावलीच पाहिजे.”

पुतळीने कपाळाला हात लावला. पहिला स्वेटशर्ट बादलीत घालून तिने कपड्यांचा साबण खसाखसा चोळला. पिवळा डाग लालभडक झाला.

“बघ, कुंकूपण लागलं,” मावशी समाधानाने म्हणाली.

नविनभाई धावत आले. “पुतळीबेन, ब्लीच नको हां! त्याचा एक थेंब जरी लागला तरी मॅडम सही करायच्या नाहीत. तुम्हीच बघा काय ते.” एवढं बोलून ते फोनवर गेले. अशा वेळी त्यांना नेहमीच फोन यायचा.

स्वतःच्या लग्नातलं हळदीचं लुगडं पुतळीला आठवलं. कुंपणावर वाळत घातलेलं ते लुगडं उन्हाने दोन दिवसांत पांढरं पडलं होतं. साबण नुसत्या पाण्याने काढला तसा लाल डाग पुन्हा पिवळा झाला. मग साठही स्वेटशर्ट तिने उलटे करून अंगणात चादरींवर पसरले. डिसेंबर असला तरी डहाणूचं ऊन ते. ताडाची सावली सरकेल तसे ती कपडे सरकवत होती आणि मावशी काठी घेऊन कोंबड्या हाकत होती.

“एका बोटाची हळद,” पुतळी दर फेरीला पुटपुटायची, “आणि माझा अख्खा दिवस!”

ऊन उतरलं तेव्हा डाग कुठे होते, हे तिलाही सापडेना.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी एकेक शिवण ओढून पाहिली. मग मावशीजवळ बसून विचारलं, “आजी, इथे काही त्रास होतो का?”

“होतो ना,” मावशीने पुतळीकडे बोट दाखवलं. “हिचा.”

मॅडम मोठ्याने हसल्या आणि त्यांनी सही केली.

पुढच्या मालाच्या वेळी हळदीची डबी पुतळीने आपल्या पिशवीत कोंबून ठेवली. गठ्ठा बांधण्याआधी मावशी पुढे आली आणि रिकामंच बोट एकेका पट्टीला टेकवत बसली. बाहेर टेम्पो भोंगा वाजवत होता. पुतळीच्या ओठांवर चांगले दहा शब्द आले, ते तिने गिळले.

“हात तरी धुतलेस का गं?” एवढंच तिने विचारलं.