आधी बाळाचे नाव विचारणारे मेश्राम सर

डॉ. मेश्राम सरांना मी प्रथम पाहिले ते आमच्या नागपूरच्या रुग्णालयातील क्ष-किरण खोलीत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, नुकतीच रुजू झालेली परिचारिका. सर कॅथेटरच्या, म्हणजे हृदयात घालायच्या बारीक नळीच्या, टोकाचा फुगा वाडग्यातल्या पाण्यात बुडवून कुठे बुडबुडा निघतो का ते पाहत होते. परदेशातून मागवलेली ती एकच नळी पुन्हा पुन्हा वापरावी लागे. म्हणून ही तपासणी ते दुसऱ्या कुणावर सोपवीत नसत.

जन्मतः निळ्या पडलेल्या काही बाळांच्या शरीरात शुद्ध रक्त फुप्फुसांकडेच परत जाते आणि अशुद्ध रक्तच शरीरभर फिरत राहते; दोन्ही मिसळतच नाहीत. सर मांडीच्या शिरेतून नळी हृदयात नेत, टोकाचा फुगा फुगवून झटक्याने ओढत आणि दोन कप्प्यांमधल्या पडद्यात रक्त मिसळायला वाट करून देत. मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत बाळ तगावे, एवढ्यासाठी.

नरखेडकडच्या एका संत्रेवाल्या शेतकऱ्याने हे ऐकून कपाळाला हात लावला.

"लोकाइच्या लेकराइचे भोकं बुजवता, अन् माह्या पोरीच्या काळजाले भोक पाडता?"

"हो गा, हिले तेच पाहिजे. नाव काय पोरीचं?"

"बारसं कुठं झालं, साहेब? जगते का नाई तेच..."

"मंग आत्ता ठेव. बिननावाच्या लेकराले मी नळी लावत नाही."

आईच हळूच म्हणाली, "सुनंदा."

सुनंदाचे ओठ टेबलावरच गुलाबी झाले. पण पुढची शस्त्रक्रिया नागपुरात होत नव्हती. सरांनी बाहेरच्या मोठ्या रुग्णालयांचा पिच्छा पुरवला. तिचा नंबर लागण्याआधीच ती गेली. सर एसटीने तिच्या गावी गेले, मीही सोबत होते. आई म्हणाली, "मले पाहून हासे ते, साहेब. हात पुढं करे."

"शेवटी मरतातच, मग हा खटाटोप कशाला?" असे म्हणून वरिष्ठांनी एका बैठकीत ते काम बंद केले. सरांना बाह्यरुग्ण विभागात खोकला-तापाकडे धाडले. त्यानंतर आलेल्या निळ्या बाळांना आम्ही ऑक्सिजन लावत असू आणि बघत बसत असू. त्या बैठकीत माना डोलावणारे काहीजण आज सरांच्या साठीनिमित्त नेमलेल्या गौरव समितीत आहेत. त्यांच्या शालीचे सर मनापासून आभार मानतील. मला ते जमणार नाही.

साठी पूर्ण करणाऱ्या सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. निळ्या बाळांची ती मोठी शस्त्रक्रिया आपल्या शहरात सुरू होईल त्या दिवशी ते हिंडते-फिरते असोत. सरांनी आजवर कुणालाच जाब विचारला नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी भरसभेत उभे राहावे आणि खणखणीत आवाजात विचारावे, "इतका उशीर काहून?"