दिव्यावरची काळी पट्टी

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. गाडी एकच, तिच्यावरच घर चालायचं. मास्तरांच्या पायाशी जादाचा क्लच आणि ब्रेक. शिकणारा गांगरला की मास्तर आपल्या बाजूने ब्रेक दाबत आणि वर म्हणत, "मी आहे ना!" स्वतः मात्र सीटचा पट्टा कधी लावायचे नाहीत. "पट्टा शिकणाऱ्याला. मास्तरला कशाला?"

समोरच्या काट्यांजवळ इंजिनाचा पिवळा दिवा बरेच दिवस लागून राहिला होता. "मास्तर, हा काय म्हणतोय?" असं विचारून शिकणाऱ्यांनी त्यांना भंडावून सोडलं. शेवटी मास्तरांनी वायरीला गुंडाळतात ती काळी चिकटपट्टी आणली आणि दिव्याच्या तोंडावर चिकटवून दिली. दिवा गप्प, शिकणारेही गप्प. आता काय म्हणावं या माणसाला! दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, यांनी दिव्यावरच चिकटवला.

घरी बायको कधीची मागे लागली होती, मला लायसनच्या परीक्षेला बसवा. बहिणीकडे जायचं तर दर वेळी कुणाच्या तरी विनवण्या कराव्या लागायच्या, त्याचा तिला वीट आला होता. मास्तरांचं पालुपद ठरलेलं, "अजून कच्ची आहेस." शेवटी एका रविवारी ते म्हणाले, "चल, पुलापर्यंत जाऊन येऊ. पण उगाच कुठे गाडी थांबवलीस, तर परीक्षेचं नाव काढायचं नाही."

बाई झकास चालवत होती. मास्तरांना ब्रेक दाबायला एकदाही जागा मिळेना, म्हणून ते जरा हिरमुसलेच होते. सिग्नलला गाडी उभी राहिली आणि तिची नजर पट्टीवर गेली. घरात कुठे डाग दिसला की डोळ्यांआधी हिचं नख पोचायचं. "शी! काय चिकटलंय हे?" म्हणत तिने पट्टी टरकन ओढली आणि मास्तरांच्या हातात दिली. खाली पिवळा दिवा होताच. पण पट्टी रुंद होती, तिने शेजारचाही झाकला होता, आणि तो होता इंजिनातल्या तेलाचा. लालभडक.

"अहो, हा लाल आहे."

"असू दे. तिकडे हिरवा लागलाय तो बघ. चल."

"तेल संपलं असेल तर?"

"गाडी माझी आहे. मला कळतं की तुला?"

तिने सिग्नल ओलांडला, गाडी कडेला घेतली, बंद केली, किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

मास्तरांचा पारा चढला. त्यांनी आपला क्लच दाबला, ब्रेक दाबला. त्यांच्याकडे सगळं होतं हो, किल्ली तेवढी नव्हती. "गेली तुझी परीक्षा!"

"जाऊ दे," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, पण पर्स काही उघडली नाही. "गाडीच गेली तर खाणार काय आपण?"

फोन केल्यावर मेकॅनिक आला. त्याने तेल मोजायची सळई काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. कोरडी ठणठणीत! मग तो गाडीखाली वाकला. "मास्तर, खालचा नट ढिला होऊन सगळं तेल गळून गेलंय. पुलापर्यंत गेला असतात ना, इंजिन कायमचं जाम झालं असतं. दिवा नाही का लागला?"

ती पट्टी अजून मास्तरांच्या बोटाला चिकटलेली होती. बायको एक शब्द बोलली असती, तर भर रस्त्यात त्यांची शोभा झाली असती.

"लागला ना," ती म्हणाली. "म्हणून तर ह्यांनी थांबायला सांगितलं."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याच क्षणी ही बाई त्यांना इतकी आवडली की काय सांगावं!

मेकॅनिकने नट आवळला, तेल भरलं. तिने किल्ली अर्धी फिरवली आणि थांबली.

"आता काय?"

तिने बोट दाखवलं. पट्ट्याचा दिवा लाल होता. मास्तरांनी गुपचूप पट्टा ओढला. सवय नसल्यामुळे तो त्यांना लावता येईना. शेवटी तिनेच वाकून खटकन बसवला.

"उद्या परीक्षेचा अर्ज भरू," मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "चल आता."

"थांबा हो," ती म्हणाली आणि हॉर्न वाजवून तिने मेकॅनिकला परत बोलावलं. "भाऊ, जरा या पिवळ्याचं काय म्हणणं आहे ते बघा बरं!"