भूगोलाच्या तीन वह्या

मी याद्या करते. एक फ्रिजवर, एक पर्समध्ये. काम झालं की त्यावर रेघ मारल्याशिवाय मला चैन पडत नाही. मुलीची बारावीची परीक्षा संपली, त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या यादीत चौथ्या क्रमांकावर मी लिहिलं होतं: वह्या – पेण.

माझ्या धाकट्या भावाचा पेणला, रामवाडीत, गणपतींचा कारखाना आहे. तो कागदाच्या लगद्याच्या मूर्ती करतो. त्यामुळे आमच्या नात्यातली रद्दी भंगारवाल्याकडे जात नाही, त्याच्या पिंपात जाते. वर्तमानपत्राचा लगदा करडा येतो, शाळेच्या वहीचा पांढरा. म्हणून परीक्षा संपल्या की घराघरांतून वह्यांचे गठ्ठे पेणला निघतात. आम्ही रोह्याजवळच्या वरसे गावात राहतो. त्या सकाळी भावाचा टेम्पो रोह्याला आला होता, त्यात मी दोन पोती चढवली आणि घरी येऊन रेघ मारली.

संध्याकाळी मुलगी कपाटासमोर उभी होती.

"आई, भूगोलाच्या वह्या कुठायत?"

"पेणला. झाला ना आता भूगोल?"

"तिन्ही दिल्यास?"

"तिन्ही. का गं?"

ती तिथेच जमिनीवर बसली. "त्यात माझी कादंबरी होती."

तिच्या डोक्यात एक कादंबरी आहे हे मला माहीत होतं. मी भाकऱ्या करत असले की ती ओट्याला टेकून मला गोष्ट सांगायची. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं लंडन. रस्त्यावरच्या प्रत्येक गॅसच्या दिव्यात एक भूत कोंडलेलं. दिवे लावणारा म्हातारा आजारी पडतो, म्हणून त्याची सोळा वर्षांची मुलगी शिडी खांद्यावर घेऊन धुक्यात फिरते, कारण दिवा विझला की आतलं भूत सुटतं.

"लंडन कशाला?" मी एकदा विचारलं होतं. "भुतं आपल्याकडे कमी आहेत? कुंडलिकेच्या काठी दर चिंचेवर एक आहे."

"त्यांच्याकडे गॅसचे दिवे नाहीत, आई. आपली भुतं अंधारातच बसतात, फुकटात."

आम्ही दोघी हसलो होतो. मग बारावी सुरू झाली. मी तिचा लॅपटॉप कपाटात ठेवला, फोनला वेळ ठरवून दिली आणि सांगितलं, परीक्षा झाली की काय हवं ते लिही. दप्तर तर मी रोज तपासायचे. म्हणून तोवर तोंडीच असलेली गोष्ट तिने वहीत लिहिली आणि वर 'भूगोल' घातलं. सुट्टीत ती सगळं टाइप करणार होती. दुसरी प्रत नव्हती.

मी लगेच भावाला फोन लावला.

"ताई, दुपारीच भिजत घातल्या. वहीचा कागद आला की बाया थांबतायत होय?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी पेणला गेले. मुलगी आली नाही. कारखान्यात लगद्याचं काम खाडीकाठच्या गावातून येणारी एक बाई बघते. तिने पिंपावरची फळी बाजूला केली.

"पुठ्ठं काढलं, पिना काढल्या, पानं फाडून टाकली. नेहमीसारखीच. काय होता गो ताय त्याच्यात?"

"गोष्ट होती. लेकीने लिहिलेली."

"मंग दुसरीकडं लिवलेली असंल ना?"

"नाय."

बाह्या वर करून तिने कोपरापर्यंत हात घातला, मीही घातला. पाणी फिकट निळं झालं होतं. पान म्हणून जे हाताला लागे ते उचलताना मऊ भातासारखं तुटे. तासाभरात सात तुकडे मिळाले. एकावर 'शिडी' वाचता आलं, एकावर 'धुकं', एकावर 'तो म्हणाला'. कोण म्हणाला, काय म्हणाला, ते पाण्यात. पुठ्ठे मात्र कोरडे, एकावर एक नीट रचलेले होते. भूगोल १, भूगोल २, भूगोल ३.

"हे पिंप बाजूला ठेवतो," भाऊ म्हणाला. "पण चारच दिवस हां, ताई. उन्हाळ्यात लगदा आंबतो."

परत येताना एसटीत मी पर्समधली वही काढली आणि तिच्या गोष्टीतलं मला आठवत होतं ते क्रमाने लिहिलं. चौदा मुद्दे झाले. नागोठणं गेलं, पंधरावा सुचेना. दोन वर्षं तिने सांगितलं होतं आणि माझं लक्ष तव्यावर होतं.

घरी आल्यावर तिच्या हातात पुठ्ठे आणि ती यादी दिली. तिने उभ्यानेच वाचली.

"नववा चुकलाय. तिचा बाप मरत नाही."

"मग काय होतं? सांग, मी दुरुस्त करते."

तिने नवव्या मुद्द्यावर बोट ठेवलं. "ते प्रकरण मी तीनदा बदललं होतं. शेवटी काय ठेवलं..." मग म्हणाली, "मलाच आठवत नाहीये."

"आठवेल गं. रोज सकाळी दोन तास बसू. तू सांग, मी टाइप करते. पहिल्या आठवड्यात पहिली वही..."

"आई, प्लीज. वेळापत्रक नको करूस."

मी पेनाला टोपण लावलं. ती रडली असती, दार आपटलं असतं, तर मला काहीतरी करता आलं असतं. ती जेवली, ताट घासलं, पंखा लावून पडून राहिली. पुढचे दोन दिवसही तसेच. पुठ्ठे तिच्या टेबलावर होते, मी त्यांच्यावरची धूळसुद्धा पुसली नाही.

चौथ्या दिवशी भावाचा फोन आला. "ताई, वास यायला लागलाय. साच्यात भरू का ओतून देऊ?"

मी फोनवर हात ठेवून मुलीला विचारलं. ती दारात उभी होती.

"मला काय विचारतेस?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "वह्या देताना विचारलं होतंस?"

ती आत गेली. मी फ्रिजसमोर उभी होते. ती जुनी यादी अजून तिथेच होती, आणि चौथ्या क्रमांकावरची माझी रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ होती.

"ताई? हायस ना?"

"हाय," मी म्हणाले.