एका शेकाचं मीठ

दादूस गेल्याचा फोन आला तेव्हा मी मांडव्याच्या जेट्टीवर नुकतीच उतरले होते. हातात जाड्या मिठाची पिशवी होती. मुंबईतल्या एका व्यापाऱ्याकडून मुद्दाम आणलेली, आमच्या आगरातल्यासारख्या टपोऱ्या, किंचित मातकट खड्यांची. वहिनी एवढंच म्हणाली, "बाय, आता घाई करू नको." पिशवी तिथंच समुद्रात भिरकावून द्यावीशी वाटली... दिली नाही. घरापर्यंत मांडीवर घेऊन बसले.

दादूस म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. पेणकडच्या खाडीकाठी आमचं मिठागर होतं. तिथं भराव पडला, आगर गेलं, दादूसनं ट्रक घेतला. निघताना त्यानं शेवटच्या हंगामाचं पिंपभर मीठ घरी आणून ठेवलं. स्वयंपाकाला त्यातली चिमूटही कुणी घ्यायची नाही. मी चिडवायचे, "लॉकरमध्ये ठेव की!" तो म्हणायचा, "तुला न्हाय कलायचं. तू मास्तरीन." आगरात दुपारभर फळीनं मीठ ओढून खांदे भरून आले की आमच्याकडे तेच मीठ कढईत भाजायचं, फडक्यात बांधायचं आणि शेक द्यायचा. माझ्या वडिलांच्या खांद्यांवरची ती ऊब आणि तो भाजलेल्या मिठाचा वास हीच मला आमच्या घराची खूण वाटते.

कॅन्सर दादूसच्या कमरेच्या मणक्यात उतरला तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, किरणं दिली. तरी दुखणं पुरतं हटेना. मग दवाखान्यातल्या एका सिस्टरनं वहिनीला शेजारी बसवून घेतलं. गोळ्या वेळेवर द्यायच्याच, पण सोबत गुडघ्यांमध्ये उशी ठेवा, पाय हलके चोळा, श्वास सावकाश सोडायला लावा, त्यांच्या आवडीचं बोलत राहा. वहिनीनं विचारलं, "मिठाचा शेक चालंल का?" सिस्टर म्हणाली, चालेल, आधी स्वतःच्या मनगटावर पाहून द्या, पण किरणं दिलेल्या जागी अजिबात नको. म्हणजे कमरेला नाहीच. दादूस हसला, "दुखतं तिथं द्यायचा न्हाय, नि देतात तिथं दुखत न्हाय. मस्त हाय!"

पण कमरेच्या भीतीनं त्याचे खांदे दगडासारखे झाले होते, ते शेकानं सैल पडायचे. पिंपाचं झाकण पहिल्यांदा उघडलं ते त्यानंच सांगितलं म्हणून. वहिनी पुरचुंडी खांद्यावर ठेवायची आणि विचारायची, "कुठवर आलास?" तो डोळे मिटून म्हणायचा, "बांधावर." मग फळी ओढल्यासारखा लांब श्वास सोडायचा, एक वाफा संपवायचा, दुसऱ्यात उतरायचा. भरावाखाली गेलेलं अख्खं आगर तो असा अंथरुणातून ओढत होता. तेवढा वेळ त्याच्या कपाळावरची आठी जायची. मी शेजारी बसून ते पाहायचे आणि मला वाटायचं, निभेल... वेडी आशा होती ती.

भाजून भाजून मिठाचा भुगा होतो, मग नवं घ्यावं लागतं. पिंप खाली जात राहिलं आणि दुखणं वर चढत राहिलं. वहिनीनं गुपचूप दुकानातल्या पुड्यातलं बारीक मीठ भाजून पाहिलं. "बरं वाटतंय," तो म्हणाला, पण त्याचे खांदे काही उतरले नाहीत. मी म्हटलं, "अजून आहे ना तळाशी? तेच दे." त्यावर पहिल्यांदाच तो माझ्यावर ओरडला. "ऱ्हाऊ दे ते! मी जातोय तर जातोय. आगराचं काय तरी घरात ऱ्हाऊ दे." मला त्याचा भयंकर राग आला. माणूस तळमळतोय आणि मीठ जपतोय! अजूनही तो राग गेलेला नाही. म्हणून तर मी मुंबई गाठली. म्हटलं, हुबेहूब मीठ आणते, बघू कसा ओळखतो.

त्या शेवटच्या दिवसांत गोळ्यांचा डोस वाढवला, उशा बदलल्या, पाय चोळले. काही म्हणता काही पुरलं नाही. वहिनी "कुठवर आलास?" विचारायची, तो नुसती मान हलवायचा. बांधही दिसत नाही म्हणाला. हे लिहून कुणाला धीर येणार नाही, मलाही आलेला नाही. त्याचं दुखणं आम्ही काढू शकलो नाही, एवढंच खरं.

परवा वहिनीकडे गेले होते. पावसाची झड लागली आहे. पिंप धुऊन पालथं घातलंय. तळाशी उरलेलं मीठ वहिनीनं त्याच फडक्यात बांधून भिंतीवरच्या फळीवर ठेवलंय, एका शेकापुरतं. दमट हवेनं त्याला पाणी सुटतं, म्हणून खाली ताटली ठेवलीय. मी आणलेली पिशवी दाराआड तशीच पडून आहे, अजून बांधलेली. ताटलीत साठलेलं पाणी वहिनी अंगणात ओतून आली. मी म्हटलं, "वहिनी, असंच राहिलं तर सगळं विरघळून जाईल. एकदा कढईत भाजून घे, कोरडं होईल."

तिनं ताटली पदरानं पुसली, पुन्हा पुरचुंडीखाली सरकवली.

"कोनासाठी भाजू?" ती म्हणाली.